न दिसणारा रकाना

आईला यापुढे फोन घेऊ द्यायचा नाही असं टाचणीनं ठरवलं, तेव्हा आई एका यंत्राशी अगदी मनमोकळं बोलत होती.

"हो का? बरं बरं. आमचं काय, चाललंय आपलं," आई म्हणत होती. पलीकडून एक गोड गळ्याची बाई कर्ज घ्या म्हणून मागे लागली होती, आणि ती बाई मुळात बाई नव्हतीच. कुणीतरी कधीतरी भरून ठेवलेला आवाज होता तो. आईला हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण बोलता बोलता तो आवाज क्षणभर थांबला की आईला राहवत नसे. ती पटकन विचारून घ्यायची, "माझ्या मुलाबद्दल फोन केलात का हो?" आवाज पुन्हा व्याजाचे दर सांगू लागायचा. टाचणीनं आईच्या हातातून फोन घेतला आणि लाल बटण दाबलं.

"अगं, बोलत होती ना ती!"

"ती कुणाशीच बोलत नव्हती, आई."

हा सगळा उपद्व्याप टाचणीनं स्वतःच ओढवून घेतला होता. वेबसाइट बनवून देणं हा तिचा धंदा. न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांची पानं ती घरच्या पुढच्या खोलीत बसून रचायची. जगाला दारं बसवून देणाऱ्या पोरीनं घरचं एक दार बसवू नये, हे बरं दिसत नव्हतं. दादा घर सोडून गेला त्याला वर्षं लोटली होती. पोलीस थकले, नातेवाईक थकले, शेवटी बाबाही थकले आणि गेले. न थकलेल्या अशा दोघीच उरल्या. मग टाचणीनं दादाचं एक पान केलं. वर फोटो, खाली उंची, किंचित डावीकडे झुकत चालण्याची ढब, कानामागचा व्रण. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काहीही माहिती असेल तर जरूर कळवा', आणि त्याखाली आईचा नंबर आणि इमेल.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. बाबा शिंपी. खाली दुकान, वर घर. पोरांची नावं त्यांनी दुकानातूनच काढली होती. मोठा रांगता असताना घरंगळलेल्या रिळामागे टेबलाखाली जाऊन बसायचा, म्हणून तो रिळ्या. धाकटीची जीभ पहिल्यापासून टोचरी, म्हणून ती टाचणी. शाळेतली नावं शाळेतच राहिली.

रिळ्या मोठा झाल्यावर दुकानातलं कापड बेतून कापण्याचं काम त्याच्याकडे आलं. हात असा की लोक नुसतं बघायला उभे राहत. आणि एका दिवशी त्यानं एका गिऱ्हाइकाचं महागाचं कोटाचं कापड भलतीकडेच कापलं. गिऱ्हाईक समोर उभं. बाबा ओरडले, "डोळे फुटले का तुझे?" रिळ्यानं कात्री टेबलावर नीट ठेवली, हात पुसले आणि तो दुकानाची पायरी उतरून रस्त्याला लागला. तो परत आला नाही. चार लोकांत बोलल्याचं मनाला लागलं त्याच्या, असं सगळे म्हणत. बाबा शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

तर ते पान. गुळाची ढेप उघडी ठेवली की मुंगळे येणारच, आणि टाचणीनं ती अंगणात ठेवली होती. रात्रंदिवस लोकांची पानं चाळत नंबर आणि पत्ते वेचत फिरणारी यंत्रं असतात. त्यांना आईचा नंबर सापडला. मग कर्जवाले आले, विमावाले आले, कुठल्याशा परदेशी सोडतीत आईला बक्षीस लागलं. प्रत्येक घंटीला आई भाजी चिरायची टाकून धावायची. प्रत्येक वेळी तिचा चेहरा उजळायचा आणि विझायचा. टाचणीला ते बघवेना. म्हातारीच्या तोंडावर असं दिवसभर दार आपटत राहायचं म्हणजे काय?

तिनं आईचा नंबरच बदलून टाकला.

"अगं, तो जुन्या नंबरावर करेल ना!" आई रडायला लागली.

"इतकी वर्षं केला का त्यानं?" टाचणी म्हणाली. ती बोलून गेली आणि मग दिवसभर स्वतःवर चिडून राहिली.

नवा नंबर तिनं पानावर घातला, पण अक्षरांत नाही. त्याचं एक छोटं चित्र करून लावलं. माणसाला वाचता येईल, यंत्राला फक्त एक चित्र दिसेल. इमेल काढून टाकली आणि तिथे निरोप लिहायचे रकाने ठेवले. त्यांच्यापुढे एक कोडं बसवलं. तुम्ही माणूस आहात ना, मग या चित्रांतल्या सायकली ओळखा.

त्या कोड्यानं पहिला बळी घेतला तो मामाचा.

"सायकली दाखव म्हणालं, दाखवल्या," मामा तणतणत आला. "मग म्हणे पूल दाखव. दाखवला. तरी म्हणतंय पुन्हा प्रयत्न करा! अगं, मी माणूस आहे की नाही हे तुझ्या मामीला अजून ठरवता आलेलं नाही, ते हे तुझं यंत्र काय ठरवणार? सांगायला आलेला माणूस दारातूनच म्हणेल, भीक नको पण कुत्रा आवर!"

टाचणी हसली, पण मामाचं तिला पटलं. कुणीतरी दादासारखा माणूस कुठेतरी पाहिलेला असतो. सांगू की नको अशा मनानं तो पानावर येतो. पायात काडी आडवी आली तरी तो मागे फिरेल. कुंपण असं हवं की चोराला लागावं आणि पाहुण्याला दिसूही नये.

तशी एक युक्ती तिच्या धंद्यात होती. तिनं कोडं काढून टाकलं. नाव, निरोप आणि हवा असल्यास तुमचा फोन, या तीन रकान्यांच्या जोडीला तिनं चौथा रकाना घातला आणि तो पडद्याच्या पार बाहेर सरकवून दिला. माणसाच्या डोळ्यांना तो दिसणार नाही, म्हणून माणूस तो भरणार नाही. यंत्र मात्र डोळ्यांनी बघतच नाही. त्याला रकाना सापडला की ते भरतं. म्हणजे चौथा रकाना भरून आलेला निरोप हा माणसाचा नव्हे. तो थेट कचऱ्यात. आणि यंत्रानं पुन्हा नव्यानं डोकं लढवू नये म्हणून त्यालाही गोड उत्तर द्यायचं, 'धन्यवाद. तुमचा निरोप पोचला.'

'इथे काही लिहू नका' असं लिहिलं तर हल्लीची यंत्रं सावध होतात. म्हणून त्या रकान्यापुढे तिनं साधा माणसासारखा प्रश्न घातला. कुणी वाचणारच नव्हतं, तेव्हा जे पहिलं सुचलं ते लिहिलं. 'घरी तुम्हाला काय म्हणतात?'

लगेच शांतता झाली. एकही फालतू निरोप येईना. कुणा भल्या बाईनं स्टेशनवर पाहिलेल्या माणसाबद्दल लिहिलं, तो दुसराच निघाला, पण बाई माणूस होती हे काय कमी! टाचणी स्वतःवर खूश झाली. दातांच्या डॉक्टरला, न्हाव्याला, सगळ्यांना तिनं तीच युक्ती बसवून दिली.

मग एका दुपारी, काम नव्हतं म्हणून, ती तो कचरा रिकामा करायला बसली.

औषधं, सोडती, घड्याळं. चौथ्या रकान्यात कुठे नुसती अक्षरांची खिचडी, कुठे जाहिरात. ती भराभर पुसत चालली होती आणि एका ओळीशी तिचा हात थांबला.

घरी तुम्हाला काय म्हणतात? रिळ्या.

खाली निरोप होता. त्यात ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, नुसते एकामागून एक शब्द. 'आई बरी आहे का बाबा गेले ते तिनं सांगितलं मग नंबर बंद झाला नवा सापडत नाही.'

फोनचा रकाना रिकामा होता.

टाचणीनं ती ओळ पुन्हा वाचली. बाहेर ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी पुसत होतं, आणि तिला मात्र खुर्चीत मागे वळून बघायची भीती वाटली. रिळ्या हे नाव पानावर नव्हतं. बाबा गेल्याचंही नव्हतं. आणि जिथे ते लिहिलं होतं, तो रकाना कुठल्याच माणसाला दिसत नव्हता.

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"आई, बाबा गेल्याचं तू फोनवर कुणाला सांगितलं होतंस?"

"त्या गप्प फोनला," आई म्हणाली, जणू शेजारणीबद्दल बोलत होती. "जुन्या नंबरावर एक फोन यायचा बघ. काही विकायचा नाही, काही बोलायचा नाही. नुसता ऐकायचा. मला बरं वाटायचं. सगळं सांगायचे मी त्याला."

"रिळ्या म्हणून हाक मारलीस?"

"मारली की. रोज मारायचे."

टाचणीला ते गप्प फोन ठाऊक होते. समोर जिवंत माणूस आहे का, एवढंच तपासायला यंत्रं तसे फोन करतात. तिनं स्वतः आईच्या हातातून घेऊन ते कितीदा तोडले होते. तर हे असं होतं. त्या गप्प पोकळीत आईनं घरातलं सगळं ओतलं आणि कुणीतरी ते भरून घेतलं. आता ते दादाचं नाव पांघरून दाराशी येऊन बसलं होतं. उद्या त्याच्या आवाजात बोलेल. आई हातातल्या बांगड्या काढून देईल त्याला.

आईला तिनं काही सांगितलं नाही. त्याची परीक्षा घ्यायची असं ठरवलं. न दिसणाऱ्या रकान्यातला प्रश्न बदलून तिनं नवा लिहिला. 'टाचणीला कशाची भीती वाटायची?'

हे आईला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. फटकळ टाचणी कशालाही भीत नाही अशी घरात ख्याती होती आणि तिनं ती जपली होती.

काही दिवस नुसता कचरा आला. मग एका सकाळी उत्तर आलं होतं.

'बिनडोक्याच्या पुतळ्याची मी माझी टोपी ठेवायचो त्याच्यावर म्हणजे तुला माणूस वाटावा.'

दुकानात कोट चढवून बघायचा पुतळा होता, मानेपाशी संपणारा. तिन्हीसांजेला त्याच्यासमोरून जिन्याकडे जाताना टाचणीचे पाय लटपटायचे. दादानं ते ओळखलं होतं आणि कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे हे यंत्र नव्हतं. हा तोच होता.

खाली आणखी होतं. 'टाचणी तू आहेस का तिथे दर वेळी निरोप पोचला म्हणता आणि कुणीच काही बोलत नाही माझा नंबर देत नाही तू धावत येशील तुमचा द्या मी करीन राग असेल तर तसं सांगा.'

आणि त्याच्यानंतर, अगदी अलीकडचा, एकच शब्द. 'बरं.'

टाचणी त्या शब्दाकडे बघत राहिली. तिचं डोकं जिकडे जायला नको तिकडेच गेलं. यंत्र नाही. माणूस तर नाहीच, माणसाला तो रकाना दिसत नाही, तिनं स्वतः शंभरदा तपासला होता. मग जे कुणालाच दिसत नाही ते कुणाला दिसतं? भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी भर सकाळी तिची पाचावर धारण बसली. दादा गेला, तिला वाटलं. कुठेतरी बेवारशासारखा गेला, आणि आता तिथून विचारतोय. ती टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली.

आई चहाचा कप घेऊन आली ती दारातच थबकली. मग टाचणीनं सगळं सांगितलं. निरोप वाचून दाखवले, रकाना समजावून सांगितला.

"आई, जो हे लिहितोय त्याला न दिसणारं दिसतंय गं."

आई घाबरली नाही. तिनं कप खाली ठेवला, स्टूल ओढून घेतलं आणि बसली.

"दिसतंय कसलं? त्याला काहीच दिसत नसणार."

"म्हणजे?"

"तो कोट कापायच्या आधीपासूनच," आई पदराचं टोक पिळत म्हणाली, "संध्याकाळ झाली की त्याला जिन्याच्या पायऱ्या दिसायच्या नाहीत. मी हात धरून चढवायचे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सगळंच जाणार, इलाज नाही. माझ्या गळ्याची शपथ घातली त्यानं. बाबांना नाही सांगायचं, टाचणीला नाही सांगायचं. हातातलं काम जाईल म्हणाला."

"आणि बाबा त्याला म्हणाले..."

"त्यांना कुठे माहीत होतं, बाळा."

"मी पानावर कानामागचा व्रण लिहिला! चालण्याची ढब लिहिली! आणि हे नाही सांगितलंस तू मला?"

"शपथ होती गं."

टाचणीला आईचा इतका संताप आला की तो कप भिंतीवर फोडावा असं वाटलं. पण तेवढ्यात तिच्या मनात दुसरंच काहीतरी सरकलं. तिनं फोन उचलला. न बघता येणाऱ्यांसाठी पान वाचून दाखवणारा आवाज त्यात असतो, हे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं तसं, कधी न वापरता. तिनं तो सुरू केला. पडद्याचा उजेड पार घालवला. काळ्या काचेवर बोट ठेवून तिनं दादाचं पान उघडलं.

एक सपाट आवाज बोलू लागला. ना बाईचा ना बाप्याचा म्हणावा असा.

"चित्र," तो म्हणाला. तो दादाचा फोटो होता. मग उंची, ढब, व्रण. "काहीही माहिती असेल तर जरूर कळवा. चित्र."

ते दुसरं चित्र म्हणजे आईचा नवा नंबर. तो मिळेना म्हणून दादा पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि नंबर त्याच्या बोटाखाली होता.

"नाव. रकाना. निरोप. रकाना. तुमचा फोन. रकाना," आवाज एका सुरात म्हणत गेला. पडद्याच्या आत काय, बाहेर काय, त्याला सगळं सारखंच होतं. "टाचणीला कशाची भीती वाटायची? रकाना."

आईनं टाचणीचा दंड घट्ट धरला. काळ्या काचेतून तो प्रश्न त्या दोघींनाच विचारल्यासारखा खोलीत राहिला.

मुंगळ्यांसाठी लावलेला सापळा, आणि यंत्राचं बोट धरून चालणारा सख्खा भाऊ त्यात अडकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. नंबर बदलला तो जणू त्यालाच सापडू नये म्हणून. चित्र केलं ते त्याला ऐकू येऊ नये म्हणून. जिथे त्याचा निरोप यायचा ते दार थेट कचऱ्यात उघडत होतं. आणि दर वेळी, अगदी सभ्यपणे, तिनं त्याला धन्यवाद दिले होते. तिला बाबांचं वाक्य आठवलं. बाबा निदान एकदाच बोलले होते.

तिनं त्याच बैठकीत सापळा उपटून टाकला. पानाच्या अगदी वर, फोटोच्याही आधी, आईचा नंबर साध्या अक्षरांत लिहिला. त्याखाली लिहिलं, 'दादा, तुझे निरोप पोचत नव्हते. चूक टाचणीची. राग कुणालाच नाही. फोन कर.'

मुंगळे परत आले. कर्ज, विमा, सोडत. दातांच्या डॉक्टरनं ते पान पाहून फोनवर सुनावलं, "अहो, मला उपदेश करता आणि स्वतःचा नंबर असा चव्हाट्यावर?" टाचणीनं ऐकून घेतलं. आई दिवसभर घंटीमागे धावत होती, आणि आता टाचणीही धावत होती. त्यात गप्प फोन पुष्कळ यायचे. कुठला यंत्राचा आणि कुठला कुणाचा, हे ओळखायची काही सोय नव्हती. म्हणून दोघी सगळ्यांशीच बोलायच्या. आज नळाला पाणी कमी होतं. मामाला नवे दात बसवले. पलीकडून कधी खरखर, कधी नुसती पोकळी, कधी अचानक, 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे.' रस्त्यावरून कुणी वर बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरातल्या बायकांना वेड लागलंय. दादाच्या त्या 'बरं'नंतर काहीच आलं नव्हतं. त्यानं ते पान पुन्हा उघडलंच नसलं तर? हा प्रश्न दोघींनी एकमेकींना विचारला नाही.

त्या दिवशी आई माळ्यावरचे डबे पुसत होती, म्हणून फोन टाचणीनं घेतला. पलीकडे काही नव्हतं.

"कोण?" तिनं विचारलं. "बोला. मी ऐकतेय."

काही नाही. तिनं मामाच्या दातांचं सांगितलं. दुकान भाड्यानं दिलं ते सांगितलं. सकाळपासूनचा हा कितवा गप्प फोन होता कुणास ठाऊक. घसा सुकला होता, दोन गिऱ्हाइकांची कामं तुंबली होती. बोलता बोलता, जुन्या सवयीनं, तिचा अंगठा लाल बटणाकडे गेला.

तेव्हा त्या गप्पपणाच्या मागून, लांबून, दुसऱ्या कुठल्यातरी खोलीतून आल्यासारखा तो सपाट आवाज तिला ऐकू आला.

"...निरोप पोचत नव्हते. चूक टाचणीची. राग कुणालाच..."

आवाज मध्येच बंद झाला. कुणीतरी घाईघाईनं त्याच्यावर हात ठेवला होता. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास भरून ठेवलेला नव्हता. टाचणीचा अंगठा तसाच बटणावर अधांतरी राहिला. माळ्याखाली स्टुलावर उभी असलेली आई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"दादा?"

"ठेवू नकोस," तो म्हणाला.